देहाची नोंद आणि भाषेची साक्ष

१

वंश, लिंगभाव आणि देह या तीन संकल्पना एकत्र घेऊन चालणारे आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आता भारतीय विद्यापीठांना नवे राहिलेले नाहीत. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने अशी केंद्रे ठिकठिकाणी निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केल्यानंतर पदवीच्या पातळीवरही या विषयांना वाट मोकळी झाली आहे. ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. माणसाच्या देहावर सत्ता कशी काम करते, हा प्रश्न एकट्या इतिहासाचा, एकट्या समाजशास्त्राचा किंवा एकट्या वैद्यकाचा नव्हे. तो या सर्वांच्या सीमेवरचा प्रश्न आहे, आणि सीमेवरच्या प्रश्नांना घरे बदलत राहणारे विद्यार्थीच हवे असतात.

परंतु या अभ्यासक्रमांत भारतीय भाषांच्या विभागांचे स्थान कोणते, असे विचारल्यास मिळणारे उत्तर फारसे समाधानकारक नाही. सिद्धान्त येतो तो बहुधा अमेरिकन विद्यापीठांतून. शिकविण्याची भाषा इंग्रजी असते. आणि भाषाविभागांकडून अपेक्षा असते ती फक्त उदाहरणांची. सत्राच्या अखेरीस एखादे मराठी दलित आत्मकथन किंवा एखादी बंगाली कथा इंग्रजी अनुवादात वाचली जाते, आणि आधीच ठरलेल्या सिद्धान्ताला तिचा दाखला जोडला जातो. भाषा म्हणजे कच्चा माल साठविण्याची वखार, अशी ही दृष्टी आहे. तिच्याविषयीची तक्रार केवळ मानापमानाची असती, तर ती एवढ्या विस्ताराने मांडण्याचे कारण नव्हते. वस्तुत: प्रश्न अभ्यासाच्या खरेपणाचा आहे. वंश, लिंगभाव आणि देह यांचा भारतातील अभ्यास भारतीय भाषांना बाजूला ठेवून केला, तर तो केवळ अपुरा राहत नाही. ज्या नोंदवह्यांनी माणसांना मुके केले, त्या नोंदवह्यांचीच रीत तो पुढे चालवितो. हे विधान कठोर वाटेल. त्याची सत्यता पडताळून पाहण्यास कोलकात्याच्या नैर्ऋत्येस हुगळीच्या काठी वसलेला गार्डन रीच हा एकच भूभाग पुरेसा आहे.

२

आज गार्डन रीचची ओळख सांगायची तर ती जहाजबांधणीच्या सरकारी कारखान्याने, मेटियाब्रुजच्या शिंप्यांच्या अगणित कारखान्यांनी आणि दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्य कार्यालयाने सांगावी लागते. हे कार्यालय पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचे होते, म्हणजे नागपूरच्या मराठी माणसाच्या कानांनाही हे नाव सर्वस्वी परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या काठावर दोन अगदी वेगळ्या प्रकारचे लोक येऊन पोहोचले, आणि विशेष हे की त्यांतील अनेकांचा मुलूख एकच होता.

पहिला आला तो अवधचा पदच्युत राजा वाजिद अली शाह. १८५६ साली कंपनी सरकारने त्याचे राज्य खालसा केल्यावर तो कलकत्त्यास आला आणि १८८७ साली मृत्यू येईपर्यंत मेटियाब्रुजला राहिला. त्याच्यासोबत गाणारे, नाचणारे, कवी, स्वयंपाकी आणि मोठा जनानखाना आला. त्याच्या पत्नींमध्ये यास्मिन महल ही आफ्रिकी वंशाची स्त्रीही होती. वंश ही संकल्पना भारतात केवळ गोऱ्या साहेबांबरोबर आली असे मानणाऱ्यांनी या एका नावापाशी थोडे थांबावे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात या दरबारातील देह हा विलासाचा आणि म्हणून अधोगतीचा पुरावा ठरला. राज्य खालसा करण्याच्या समर्थनातही या पुराव्याचा उपयोग झाला.

दुसरे आले ते गोंडा, फैजाबाद, बस्ती, आझमगढ, गाझीपूर, शहाबाद अशा जिल्ह्यांतील शेतकरी, शेतमजूर, विणकर आणि कामाच्या शोधात घर सोडलेल्या स्त्रिया. १८३४ पासून मॉरिशस, १८३८ पासून ब्रिटिश गयाना, १८४५ पासून त्रिनिदाद, १८७३ पासून सुरिनाम, १८७९ पासून फिजी अशा वसाहतींकडे कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांची जहाजे निघत. भवानीपूर, खिदिरपूर आणि गार्डन रीच या परिसरांत त्या त्या वसाहतीचे डेपो होते. आरकाट्याने गोळा केलेली माणसे या डेपोंत आणली जात, तपासली जात, आणि जहाज भरेपर्यंत ठेवली जात. ही व्यवस्था १९१७ मध्ये मजूरभरती थांबेपर्यंत चालू होती. सर्व बंदरांतून मिळून दहा लाखांहून अधिक माणसे या मार्गाने गेली. करारालाच त्यांनी ‘गिरमिट’ म्हटले, आणि स्वत:ला गिरमिटिया.

या अभ्यासाच्या दृष्टीने गार्डन रीचचे खरे महत्त्व आहे ते तेथून दिल्या जाणाऱ्या एका कागदात. फिजीला जाणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या नावे एक परवाना तयार होई. पुरुषाचा परवाना वेगळा, स्त्रीचा वेगळा. त्याच्या शिरोभागी गार्डन रीचचा पत्ता छापलेला असे. खाली रकाने असत : डेपो-क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, व्यवसाय, जवळचा नातलग, विवाह झालेला असल्यास कोणाशी, उंची आणि अंगावरील खुणा. त्याखाली डॉक्टरांचे प्रमाणपत्र, की सदर व्यक्ती तपासली असून ती शरीराने व मनाने निरोगी आहे, कामास लायक आहे आणि तिला देवी टोचलेल्या आहेत. जहाजावरील डॉक्टरला जिवंत उतरविलेल्या दर माणशी मोबदला मिळत असे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या तपासणीमागची काळजी कोणत्या जातीची होती ते कळते.

वंश, जात, लिंग आणि देह यांच्या परस्परसंबंधांवर आज जे ग्रंथ लिहिले जातात, त्यांचा सारा विषय या एका पानावर आलेला आहे. कोणत्याही सिद्धान्तकाराने या चार गोष्टी एकत्र आणण्याची वाट न पाहता वसाहतीच्या कचेरीने त्या एकत्र आणल्या होत्या. पुरुषाच्या अंगावरील व्रण आणि स्त्रीच्या हातावरचे गोंदण एकाच रकान्यात बसविले जात होते. गोंदण हे तिच्या मुलखात सौभाग्याचे, नात्याचे, मरणोत्तरही सोबत येणाऱ्या एकमेव दागिन्याचे चिन्ह असे. परवान्यावर ते पळून गेल्यास ओळख पटविण्याचे साधन झाले. चिन्ह तेच राहिले आणि अर्थ मात्र पुसला गेला.

आणि एवढ्या साऱ्या रकान्यांत एक रकाना नव्हता. या माणसाची भाषा कोणती, हे विचारण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती.

३

स्त्रियांच्या संदर्भात ही व्यवस्था विशेष बोलकी आहे. मळेवाल्यांना पुरुष हवे होते. केवळ पुरुष नेल्यास वसाहतीत अनर्थ होईल या भीतीने सरकारने प्रमाण ठरविले, आणि शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया हा नियम पुढे रूढ झाला. हे प्रमाण भरेपर्यंत जहाजे खोळंबत. स्त्री आणून दिल्यास आरकाट्याला अधिक दलाली मिळे. म्हणजे स्त्री ही डेपोत येण्यापूर्वीच एक टक्केवारी होऊन बसली होती. या स्त्रिया कोण होत्या? वेश्या, पळालेल्या, फसविलेल्या, असे उत्तर मळेवाल्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि पुढे राष्ट्रवाद्यांनीही जवळजवळ एकमुखाने दिले. स्वत: गिरमिटियाचा नातू असलेल्या ब्रिज लाल या इतिहासकाराने उत्तर भारतातून फिजीस गेलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसांचे परवाने तपासून १९८३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निराळेच चित्र दिसले. निम्म्याहून अधिक स्त्रिया पतीशिवाय निघाल्या होत्या; त्या सर्व जातींतून आलेल्या होत्या; आणि अनेकींनी डेपोपर्यंत येण्याआधीच घर सोडलेले होते. दुष्काळ, वैधव्य, सासर या गोष्टींनी त्यांना रस्त्यावर आणले असले, तरी रस्त्यावर पाऊल त्यांनीच टाकले होते.

२०१५ साली हुगळीच्या काठी सुरिनाम घाटावर एक स्मारक उभे राहिले. पारामारिबो येथील पुतळ्याची ती प्रतिकृती आहे. गाठोडे घेऊन निघालेले एक जोडपे त्यात दाखविलेले आहे, आणि त्याला ‘माई-बाप’ असे नाव आहे. वंशजांची कृतज्ञता त्यातून व्यक्त होते, आणि तिच्याविषयी कोणासही आदरच वाटेल. तथापि, फिजीचे परवाने जे सांगतात ते या शिल्पात मावत नाही. एकटी निघालेली स्त्री येथेही कोणाची तरी पत्नी आणि कोणाची तरी आई झाल्यावाचून स्मरणात प्रवेश करू शकली नाही. कागदाने तिला टक्केवारी केले, दगडाने तिला कुटुंबवत्सल केले. तिचे एकटेपण दोघांनाही अडचणीचे वाटले.

मराठी वाचकाला या ठिकाणी गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गार्डन रीचपासून काही मैलांवर, कलकत्त्यात भरणाऱ्या व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात त्यांनी १९१० साली नाताळमधील मजूरभरतीविरुद्ध ठराव मांडला व तो स्वीकारला गेला. १९११ च्या जुलैपासून नाताळची भरती बंद झाली. मार्च १९१२ मध्ये त्यांनी संपूर्ण पद्धतीच रद्द करण्याचा ठराव आणला. सरकारी बहुमताने तो फेटाळला, पण पद्धतीचा नैतिक पाया त्या दिवशी ढासळला. गोखल्यांची ही कामगिरी थोर आहे. परंतु त्या भाषणात स्त्रिया येतात त्या मुख्यत: अनीतीच्या संदर्भात. चाळीस टक्क्यांचा नियम पुरा करण्यासाठी संशयास्पद चारित्र्याच्या स्त्रिया नेल्या जातात आणि त्यामुळे वसाहतींत भ्रष्टता माजते, असा त्यांच्या युक्तिवादाचा तो भाग होता. गोखल्यांसारख्या न्यायबुद्धीच्या पुरुषालाही त्या स्त्रीकडे श्रमिक म्हणून पाहता आले नाही. राष्ट्राच्या अब्रूचे मोजमाप म्हणूनच त्यांनी तिच्याकडे पाहिले. दोष त्यांच्या अंत:करणाचा नव्हता. उपलब्ध शब्दांचा होता.

१९१४ साली ‘भारतमित्र’ या कलकत्त्याच्या हिंदी पत्रात फिजीतील कुंती या मजूर स्त्रीची हकिकत प्रसिद्ध झाली. मूळची गोरखपूर जिल्ह्यातील, चांभार जातीची ही स्त्री एकांतात कामास लावली गेली असता गोऱ्या देखरेख्याच्या तावडीतून सुटण्यासाठी नदीत उडी घेते, आणि होडीतील एक मुलगा तिला वाचवितो, ही ती हकिकत. तिने देशात खळबळ उडविली. सरकारला चौकशी करावी लागली. तोताराम सनाढ्य यांच्या फिजीविषयक हिंदी पुस्तकातूनही ती सर्वदूर गेली. येथे प्रथमच एका गिरमिटिया स्त्रीची बाजू भारतीय भाषेत छापली गेली, आणि भारतीय भाषेतच तिचे परिणाम झाले. परंतु त्याच क्षणी ती पतिव्रतेच्या जुन्या साच्यात ओतलीही गेली. जिला गावात विटाळ मानले जात होते, तिच्या देहाची विटंबना हा अकस्मात साऱ्या राष्ट्राच्या शीलाचा प्रश्न झाला. या विसंगतीचा उलगडा वंशाच्या सिद्धान्ताने होत नाही, लिंगभावाच्या सिद्धान्तानेही एकट्याने होत नाही. त्यासाठी ‘विटाळ’ हा शब्दच हाती घ्यावा लागतो.

४

मराठीत विटाळ म्हणजे अस्पृश्याच्या स्पर्शाने होणारे अशुद्धत्व, आणि विटाळ म्हणजे स्त्रीचा मासिक धर्मही. इंग्रजीत ज्यासाठी दोन स्वतंत्र संकल्पना, दोन ग्रंथसूची आणि बहुधा दोन अभ्यासपत्रिका लागतात, ते या भाषेने एका शब्दात बांधून ठेवले आहे. ही सोय नव्हे. ही समाजरचनेची कबुली आहे. जात टिकते ती स्त्रीच्या देहावर पहारा ठेवून, हे सत्य भाषेने सिद्धान्ताच्या कितीतरी आधी नोंदविले आहे. चौदाव्या शतकात चोखामेळ्याच्या कुटुंबातील सोयराबाईने आपल्या अभंगवाणीत हा प्रश्न देहाच्या उत्पत्तीपर्यंत नेऊन भिडविला : सर्वांचे देह ज्यातून घडतात तेच जर विटाळ, तर सोवळा कोण? बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६), ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही आत्मकथने याच प्रश्नाच्या वाटेवर उभी आहेत. शर्मिला रेगे यांनी पुण्यात या लेखनाचा अभ्यास करताना आग्रह धरला तो हाच, की ही आत्मकथने केवळ दु:खाच्या कहाण्या म्हणून नव्हे, तर ज्ञान म्हणून वाचली जावीत. भाषाविभागांनी हा आग्रह समाजशास्त्रज्ञाकडून ऐकावा लागला, ही गोष्ट थोडी विचार करावयास लावणारी आहे.

‘अंग’ या साध्या शब्दाचीही कहाणी अशीच आहे. अंगमेहनत, अंगावर पाजणे, आजार अंगावर काढणे, अंगाशी येणे, आणि ठेवलेल्या स्त्रीला दिलेले ‘अंगवस्त्र’ हे नाव : श्रम, मातृत्व, सोसणे, संकट आणि मालकी असा देहाचा सारा सामाजिक व्यवहार या शब्दाभोवती गोळा झालेला आहे. देहाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्दकोश माहीत नसेल, तर त्याचा देह हा कोणत्याही मुलखाचा नसलेला, पुस्तकी देह राहील.

वंशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ‘कुली’ हा शब्द पाहा. कोणी त्याची व्युत्पत्ती तमिळमधील मजुरीवाचक शब्दाशी जोडतात, तर कोणी पश्चिम किनाऱ्यावरील कोळी या जातिनामाशी. मूळ कोणतेही असो, वसाहतीत तो शब्द व्यवसायाचा राहिला नाही, वंशाचा झाला. इतका, की १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मोहनदास गांधींना ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले. गार्डन रीचच्या परवान्यावर चांभार, अहीर, ठाकूर, मुसलमान अशा निरनिराळ्या जातींत नोंदलेली माणसे मळ्यावर उतरताच एका वंशाची ठरत. जातीचे वंशात रूपांतर होण्यास समुद्रप्रवासाचे काही आठवडे पुरत. मात्र ते रूपांतर पुरते होत नसे, हेही लक्षात घ्यावे लागते. जहाजावर एका पंगतीला जेवलेल्यांचे ‘जहाजी भाई’ आणि ‘जहाजी बहीण’ असे नवे नाते निर्माण झाले आणि ते सख्ख्या नात्याइतके पाळले गेले. तरीही जातीची स्मृती पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली.

जात आणि वंश यांची तुलना मराठीला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध केली आणि निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीस ‘लाला रूख’ हे जहाज सुमारे चारशे मजूर घेऊन कलकत्त्याहून निघाले व ५ जूनला सुरिनामला पोहोचले. तेथे डचांनी गुलामगिरी १८६३ मध्ये रद्द केली होती, पण मुक्त गुलामांवर दहा वर्षांच्या सक्तीच्या कामाची अट घातली होती. ती १ जुलै १८७३ रोजी संपत होती. आफ्रिकी माणूस मळा सोडून जाण्याच्या ऐन वेळी भारतीय माणूस त्याच्या जागी आणून उभा केला गेला. पुण्यात एक विचारवंत गुलामगिरीच्या अंताचे अभिनंदन करीत शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची मागणी करीत होता, आणि हुगळीवरून त्याच शूद्रातिशूद्रांतील काही जण गुलामांची जागा भरण्यास चालले होते. फुल्यांना हे जहाज ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही ठाऊक असणे शक्य आहे, आणि आंतरविद्याशाखीय म्हणविणाऱ्या शिक्षणाने हे दोन कागद शेजारी ठेवले नाहीत, तर त्याचे प्रयोजन काय?

तुलनेला मर्यादा आहेत, हेही मराठी परंपरेनेच दाखविले आहे. कलकत्त्यात बसून हर्बर्ट रिस्ली यांनी १८९१ मध्ये नाकांच्या मापांवरून बंगालच्या जातींची वांशिक उतरंड मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्याच प्रकारच्या मापांचा आधार घेऊन उलट निष्कर्ष सिद्ध केला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यांत वांशिक भेद नाही. जात वंशासारखी क्रूर असू शकते, पण ती वंश नव्हे. त्याआधी १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्याकडे मानवी कवट्यांची मापे घेत होत्या. गुरूची वंशश्रेष्ठत्वाची धारणा त्या मापांतून सिद्ध होत नाही, असे या तरुण मराठी स्त्रीने निर्भयपणे नोंदविले. पुढे त्यांनी महाराष्ट्रात माणसांची मापे घेतली, नातेसंबंधांवर ग्रंथ लिहिला, आणि ‘युगान्त’सारखे पुस्तक मराठी साहित्याला दिले. आंतरविद्याशाखीय हा शब्द रूढ होण्यापूर्वीच ती वृत्ती एका व्यक्तीत नांदत होती. मापपट्टी आणि ललित गद्य यांचे वैर नाही. मापपट्टीचे उत्तर तपासण्यास भाषेचा विवेक लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

५

येथे एका संभाव्य चुकीविषयी सावध करणे इष्ट होईल. ‘स्त्री’ ही सर्वत्र एकच असते असे गृहीत धरले, तर गार्डन रीच ते गृहीत टिकू देत नाही. एप्रिल १८८३ मध्ये श्रीरामपूरहून आलेल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांचे जहाज याच काठावरून समुद्राकडे गेले. त्याच काळात, त्याच नदीतून गिरमिटिया स्त्रियांची जहाजेही जात होती. दोघींनीही काळे पाणी ओलांडले. दोघींनाही धर्म बुडाल्याचे बोल ऐकावे लागले. दोघींचाही प्रवास देहाशी निगडित होता. एक देहाचे शास्त्र शिकण्यास चालली होती, दुसरीचा देह शास्त्राने तपासून कामास लायक ठरविला होता. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १८८५ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या छायाचित्रात स्त्री आपल्या वेषाने आणि नावाने उभी आहे. परवान्यावर ती व्रणाने आणि क्रमांकाने उभी आहे. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी निवडलेला विषय ‘आर्य हिंदूंमधील’ प्रसूतिशास्त्र हा होता. ‘आर्य’ या शब्दातील वंशाचा अभिमान गिरमिटिया सुईणीला उपलब्ध नव्हता. आनंदीबाईंविषयी मराठीत चरित्रे आणि कादंबरी आहे, कारण त्यांनी पत्रे लिहिली. ज्यांनी लिहिले नाही त्यांची साक्ष कोठे शोधावी, हा खरा प्रश्न आहे.

ती साक्ष भाषेत आहे. भोजपुरी बिदेसिया गीतांत आहे, मॉरिशसच्या स्त्रियांनी विवाहप्रसंगी गायिलेल्या गीत-गवईत आहे; युनेस्कोने २०१६ मध्ये तिची अमूर्त वारशात नोंद केली. सुरिनामला १८९८ मध्ये गेलेल्या मुन्शी रहमान खान यांच्या हिंदी आत्मवृत्तात आहे. रत्नागिरीच्या बाजूने मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या जाखडीत आणि घरगुती बोलीत आहे. इतकेच काय, ती परवान्यावरील चुकलेल्या नावांतही आहे. भोजपुरी उच्चार कानी पडला, लेखनिकाने तो आपल्या सवयीने ऐकला आणि इंग्रजी लिपीत उतरविला. वसाहतीत तेच आडनाव झाले. आज वंशजांना आपले गाव सापडत नाही ते अनेकदा या तिहेरी लिप्यंतरामुळे. ही गाठ सोडविण्याचे काम उच्चारशास्त्र आणि बोलीविज्ञान जाणणाऱ्याचे आहे. येथे भाषाविभाग दाखला पुरवीत नाही. तोच मुख्य तपास करतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की साहित्याच्या विभागांनी परवाने आणि डेपो यांच्यात शिरल्यास साहित्याचे समाजशास्त्र होईल आणि रसविचार मागे पडेल. भीती निराधार नाही. अनेक प्रबंधांत कवितेचा उपयोग तळटीपेसारखा झालेला दिसतो. परंतु गीत हे गीत म्हणून वाचले, त्याची चाल, पुनरावृत्ती आणि मौन लक्षात घेतले, तरच ते साक्ष देते. माहितीचा तुकडा म्हणून वाचल्यास ते गप्प राहते. म्हणजे साहित्याची दृष्टी येथे अडथळा नसून अट आहे. दुसरा आक्षेप असा, की भाषांच्या मर्यादेत राहिल्यास जगाशी संवाद तुटेल. वस्तुस्थिती उलट आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि तो संवाद मराठीतून झाला. संवादासाठी प्रथम स्वत:चा उच्चार असावा लागतो.

यातून करावयाच्या गोष्टी फार नाहीत, पण टाळण्यासारख्याही नाहीत. अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला आपल्या मातृभाषेखेरीज आणखी एक भारतीय भाषा वाचता यावी, ही अट असावी. मूळ पाठ आणि अनुवाद शेजारी ठेवून शिकविला जावा, कारण अनुवादात ‘विटाळ’ कोठे दोन तुकड्यांत मोडला हे पाहणे, हाच अर्धा अभ्यास आहे. प्रबंध भारतीय भाषेत लिहिण्याची मुभा असावी आणि तो तपासणारा परीक्षकही असावा. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांची दप्तरे आहेत आणि मराठीचे अध्यापनही होते. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी तेथे विद्यार्थी पाठवावेत. मेटियाब्रुजच्या शिंप्यांच्या घराघरांत आज स्त्रिया कोणत्या भाषेत काम करतात आणि कामाच्या दुखण्याला कोणता शब्द वापरतात, हे कोलकात्याच्या विद्यार्थ्याने ऐकावे. काठ तोच आहे, अंगमेहनतही तीच आहे.

परवान्यावरील उंची, जात, गाव आणि खूण यांच्या आधारे इतिहासकार त्या स्त्रीपर्यंत बराच पोहोचला आहे. तिच्या हातावरील गोंदणाला ती काय म्हणत होती, हे मात्र त्या कागदावरून कळणार नाही. त्या रिकाम्या राहिलेल्या रकान्याची जबाबदारी भाषांच्या अभ्यासकांवर आहे, आणि ती दुसऱ्या कोणत्याही विभागाकडे सोपविता येण्यासारखी नाही.